आणली का?

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजून ‘रोशन व्हिडिओ शूटिंग’ असंच लिहिलेलं आहे. शूटिंग कधीच बंद पडलं. आता झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि लोकांच्या माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून देणं, एवढ्यावर आमचं भागतं. कॅमेरा अब्बा चालवायचे. बारामती-इंदापूर पट्ट्यात ‘रमजानभाई शूटिंगवाले’ म्हटलं की अजूनही म्हातारी माणसं मान हलवतात. मी समिना, त्यांची मुलगी. दुकान आता मी बघते, आणि अब्बा मागच्या खुर्चीत बसून मी कुठं चुकतेय ते बघतात.

कॅसेट घेऊन येणारं गिऱ्हाईक मी लांबून ओळखते. कॅसेट फडक्यात गुंडाळलेली असते आणि पहिला प्रश्न ठरलेला, स्वस्तात कसं होईल? स्वस्तातले रस्ते मी सगळ्यांना सांगते, लपवत नाही. घरी व्हीसीआर चालू असेल तर एक छोट्या डबीची वायर ऑनलाइन मिळते, ती कॉम्प्युटरला जोडा आणि आपलं आपण उतरवा. व्हीसीआर नसेल तर एखाद्या पाहुण्याच्या अडगळीत शोधा. तेही नको असेल तर टीव्हीसमोर मोबाईल धरा, पुष्कळ लोक धरतात; मग आयुष्यभर आईच्या लग्नात पंख्याची घरघर आणि मागून कुणीतरी ‘चहा झाला का’ म्हणालेलं ऐकत बसा. यातलं काहीच जमलं नाही तर आमच्याकडे या. पुण्यातली दुकानं घेतात त्याच्या निम्म्यात आम्ही करून देतो, कारण आमच्याकडे एसी नाही, सोफा नाही, आणि व्हीसीआर अब्बांनी पोटच्या पोरासारखा सांभाळलेला आहे. अट एकच. कॅसेट पळवून उतरवता येत नाही. तेव्हा ती जेवढा वेळ चालली, तेवढाच वेळ आताही चालू द्यावी लागते. हे लोकांना पटत नाही. हल्ली कुठलीच गोष्ट तिच्या वेळेनं झालेली माणसांना सोसत नाही.

शिवमला मात्र पटलं. तिशीच्या आतला पोरगा, गाव निरवांगी, एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर कामाला. हेल्मेट काढायच्या आधीच त्यानं कॅसेट काउंटरवर ठेवली.

“ताई, आज्जीसाठी करायचंय. तिच्या अंगावरनं वारं गेलंय. डॉक्टर म्हणले, आता घरीच न्या. बोलता येत न्हाय, एक-दोन शब्द येत्यात. दिवसभर एकच इचारती, आणली का? आमी गोळी दावली, काठी दावली, शाल दावली, गरम पाण्याची पिशवी दावली. नुसती मान हलवती. परवा टीव्हीकडं हात करून म्हणली, आणली का? तवा माझ्या डोक्यात आलं, कॅसेट. आजोबांच्या दहाव्याची कॅसेट हाय घरात. तीच मागत आसंल.”

मराठीत ‘आणली’ म्हणण्यासारख्या किती वस्तू आहेत, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याला विचारलं, पेनड्राइव्हवर देऊ का, आणखी स्वस्त पडेल. तो म्हणाला, घरातला टीव्ही जुना आहे, दाराशेजारी कोपऱ्यात, त्याला पेनड्राइव्ह लागत नाही. पण खाली डीव्हीडीचा डबा आहे, त्यावर त्याचे वडील कीर्तनं बघतात. मग तो बाहेर रस्त्याकडे वळून म्हणाला, “आत्या, ये की आत.”

बाहेर उभी होती ती पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. डोक्यावर पदर, हातात कोथिंबिरीची जुडी. जुडी तिनं माझ्या काउंटरवर ठेवली, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून.

“ही माझी आत्या, द्वारकाआत्या. पिंपळीला दिली... पिंपळीला असती,” शिवमनं घाईनं दुरुस्त केलं. “आजोबांना बघायचंय तिला. मला शिफ्टला जायचंय. कॅसेट चालंल तवर तिला हितं बसू द्या.”

तो गेला. मी तोंडाची फटकळ आहे, मनात आलं की ओठांवर येतं. मी म्हणाले, “मावशी, इथं लाकडी स्टुलावर कशाला बसताय? शिवम डिस्क नेणारच आहे. घरी आईच्या शेजारी बसून बघा की.”

“मी तिकडं जात न्हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

मी व्हीसीआर सुरू केला. पडद्यावर ‘कै. तात्याबा यांचा दशक्रिया विधी’ अशी अक्षरं आली आणि त्यांच्या चारी बाजूंनी रंगीत फुलं गोल फिरायला लागली. तेव्हाचे मिक्सिंगवाले दहाव्यालाही फुलं फिरवायचे. नीरेचा काठ दिसला, टोप्यांची गर्दी, घाटाच्या पायऱ्या. नदीकाठचा आवाज मात्र कुठंच नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत भजन. ही त्या वेळची पद्धतच होती, लग्नावर गाणी टाकायची आणि दहाव्यावर भजन. माणसांचे ओठ हलतात आणि गातं दुसरंच कुणीतरी.

हार घातलेला फोटो आला. फेटा, जाड मिशा, एक डोळा किंचित बारीक. द्वारकाबाई स्टुलावरून पुढे सरकल्या.

“थांबीव की जरा.”

“उतरवताना थांबवता येत नाही, मावशी.”

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात फोटो गेलासुद्धा. त्यांच्याकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता, हे त्या नंतर म्हणाल्या. आधी म्हणाल्या असत्या तर मी कॅसेटचा नियम खुशाल मोडला असता.

मग विधी सुरू झाला. पिंड ठेवला, त्यावर दही-भात, शेजारी पाण्याचा तांब्या, तंबाखूची चंची. सगळे लांब सरकले, कावळ्याची वाट बघायला. कावळा शिवला की जीव मोकळा झाला. नाही शिवला तर गेलेल्या माणसाचं काहीतरी अडलंय, ते ओळखून घरच्यांनी कबूल करायचं. आमच्यात हा विधी नाही, पण अब्बांबरोबर लहानपणी इतक्या दहाव्यांना गेलेय की मला तो पाठ आहे.

पांढऱ्या टोपीतला एक तरुण पुढे आला, पिंडासमोर हात जोडून काहीतरी बोलला. भजन चालूच होतं. लगेच कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच मारली.

“हितंच,” द्वारकाबाई म्हणाल्या. “हा आमचा दादा, रावजी. हितं त्यो बोलला, अन् हितं कावळा शिवला. मला सांगितलं हुतं, तसंच हाय सगळं.”

“काय बोलले?” मी विचारलं.

त्यांनी पदर नीट केला. त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही, फार वेळा मनात म्हटलेलं असावं तसं त्या बोलल्या.

“मी माझ्या मनानं लगीन केलं. जातीबाहेरचं. तात्या वरीसभर माझ्याशी बोलले न्हाईत. आज ना उद्या बोलतील म्हणत हुते, तर गेलेच. दहाव्याला मला येऊ दिलं न्हाय. कावळा शिवंना म्हणं. कुणी काय, कुणी काय कबूल केलं. मग दादा म्हणला, तात्या, द्वारकीला ह्या उंबऱ्यात पाय ठिवू देणार न्हाय. अन् शिवला. आता जित्या माणसाचं एक आसतं, त्याच्याशी भांडता येतं, पाया पडता येतं. मेल्यावर सुदिक त्यांना मी नको हुते. त्यांचा शबूद मोडला तर त्यांचा जीव आडकंल. म्हणून मी जात न्हाय. दादा येऊ देत न्हाय ही येगळी गोष्ट. दादानं दार उघडलं तरी मी जायची न्हाय.”

“आणि आई?”

“आईची आठवण काढते मी. रोज.”

मला संताप आला. कावळ्याचा नाही, त्याचा काय दोष. मेलेल्याच्या नावानं जिवंताला दाबणारी माणसं आमच्यातही रगड आहेत, त्यांचा आला. आई आज आहे, उद्या नाही, आणि ही बाई पिंपळीहून बारामतीला येऊन फोटोतल्या बापाला बघते, पण पुढं निरवांगीपर्यंत जात नाही. मी काहीतरी तिखट बोलणार होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून अब्बा म्हणाले, “तितं जोड हाय.”

“काय?”

“मागं घे कॅसेट. तांब्या बघ.”

मी म्हणाले, अब्बा, उतरवणं चालू आहे. ते म्हणाले, घे म्हणतो ना. मी मागं घेतली. रावजी हात जोडून उभे होते तेव्हा तांब्याची सावली हातभर लांब होती. कावळा उतरला तेव्हा ती तांब्याच्या बुडाशी येऊन बसली होती. सकाळ सरून ऊन डोक्यावर आलं होतं आणि पडद्यावर तर पापणीसुद्धा लवली नव्हती.

“ह्यो जोड माझा हाय,” अब्बा म्हणाले. “खोटं मी काही घातलं न्हाय. मधला येळ काढला. कावळा लई येळ आला नव्हता. येवढं कोण बघतंय? पाव्हणे कटाळत्यात. रावजी ठेवला, कावळा ठेवला, मधलं काढलं. सगळेच काढायचे.”

द्वारकाबाई त्यांच्याकडे वळल्या. “मधी काय हुतं?”

“आठवत न्हाय, बाई. पर मूळ कॅसेट आसंल.”

असणार हे मलाही माहीत होतं. लग्नाच्या मूळ कॅसेटीवर अब्बा पुन्हा दुसरं लग्न घ्यायचे, कॅसेट महाग होती. मयताच्या कॅसेटीवर मात्र काहीच घ्यायचे नाहीत. मयतावर लग्न घ्यायचं नाही आणि एकाच्या मयतावर दुसऱ्याचं मयतही घ्यायचं नाही. त्यांच्या या नियमानं आमचा अर्धा माळा भरला होता आणि अम्मी हयातभर त्यावरून कटकट करत गेली. मी शिडी लावली. पत्र्याच्या पेटीत कॅसेटी उभ्या लावलेल्या, पाठीवर अब्बांचं अक्षर. ‘निरवांगी, नदी, तात्याबा’ अशी एक निघाली. फितीवर पांढरी बुरशी होती. डबी उघडून, फीत हातानं फिरवत, मी मऊ फडक्यानं ती पुसून काढली. अब्बांचे हात आता थरथरतात, म्हणून ते नुसते ‘हळू, हळू’ म्हणत राहिले. द्वारकाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना उठून जावंसं वाटत होतं, हे दिसत होतं.

कॅसेट लावली आणि दुकानात नदीकाठचा वारा शिरला. माइकवर फडफडणारा वारा, कुणाचा खोकला, लांबून एक बैल. भजन नाही. अब्बांनी कॅमेरा स्टँडवर लावून पिंडाजवळ ठेवला होता आणि स्वतः माणसांत जाऊन बसले होते. कावळा माणसाला भितो, कॅमेऱ्याला भीत नाही, म्हणून. ते आता मला सांगत होते, जणू आजच शूटिंग आहे.

रावजी पुढे आले. आता त्यांचा आवाज होता, तरुण, रडून बसलेला. “तात्या, द्वारकीला ह्या उंबऱ्यात पाय ठिवू देणार न्हाय. तुमचा मान मी राखीन. शिवा आता.”

कावळा आला नाही.

तो समोरच्या बाभळीवर बसलेला दिसत होता. रावजी मागं गेले. आणखी कुणी येऊन शेताचं कबूल केलं, कुणी देवाचं. कावळा बसूनच. मग कुणीच येईना. पडद्यावर पिंड, तांब्या, चंची आणि वारा. मी सवयीनं हात पुढं केला, पळवायला, आणि मागं घेतला. उतरवणं चालू होतं. आम्ही तिघं बसून राहिलो. झेरॉक्सला एक पोरगी आली, तिला मी बंद आहे म्हणून सांगितलं. चहावाला ग्लास ठेवून गेला, त्यावर साय धरली. तांब्याची सावली आमच्यासमोर मागं सरकत होती. कापलेला वेळ एवढा मोठा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग पडद्याच्या कडेनं एक बाई आली. पदर डोक्यावरून घसरलेला, कपाळ नुकतंच उघडं झालेलं, त्यावर घासल्याचा लाल डाग. तिनं एकदा मागं पाहिलं. माणसं लांब होती. ती पिंडाजवळ, म्हणजे अगदी कॅमेऱ्याजवळच बसली.

“आई,” द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांच्या आई, प्रयागबाई, हळू आवाजात बोलत होत्या, नवऱ्याशी घरात बोलावं तशा. “आवं, आता आडून बसू नका. त्या लेकराला काय ठावं तुमचं काय आडलंय? मला ठावं हाय. जित्यापणी बोलला न्हाईत. पर दिस मावळला की वाटंकडं तोंड करून बसायचात, ते मला का कळत नव्हतं? द्वारकीला आणते. मी आणते तिला घरात. लई लोकं हायती, त्यांच्यासमोर न्हाय बोलायची मी, पर आणते. जावा आता सुखानं.”

त्यांनी नाक पुसलं, पदर सारखा केला आणि उठून गेल्या. थोडा वेळ नुसता वारा. मग बाभळीवरचा कावळा खाली आला, दोन पावलं चालला, आणि त्यानं भाताला चोच मारली. लांबून माणसांचा गलका उठला, शिवला, शिवला. त्या गलक्यात रावजींचा आवाज होता, माझं ऐकलं तात्यांनी.

अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“रडणारी बाई मी कधी ठेवत नव्हतो,” ते म्हणाले. “डोक्यावर पदर न्हाय, कपाळ आसं. चारचौघांत घरची बाई तशी कशी दावायची? म्हणून काढलं. आवाज बंद करूनच कापायचो, वरनं भजनच घालायचं हुतं. ती काय म्हणली ते मी ऐकलंच न्हाय. खुदा माफ करो, मी ऐकलंच न्हाय.”

“त्या वर्षी व्हीसीआर भाड्यानं आणून सगळ्या भावकीला दावली म्हणं कॅसेट,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आईनं बी बघितली आसंल.”

मला ते डोळ्यांसमोर आलं. भरलं घर, अंगणात टीव्ही, आणि मागं बायकांत बसलेली ही बाई. दादा बोलला, कावळा आला. मधली ती कुठंच नाही. घाटावर ज्यांनी तिला उठून जाताना पाहिलं होतं, त्यांनाही त्या दिवसानंतर कॅसेटमधलंच आठवायला लागलं असणार. ती सांगणार कुणाला आणि कशाच्या जोरावर?

द्वारकाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. “दर दिवाळीला लीलाबाई कासारीण यायची. बांगड्या भरायची अन् पिशवीतनं लुगडं काढायची. आईनं दिलंय, आईनं बोलावलंय. मी म्हणायचे, परत ने. आई तात्यांचा शबूद मोडती म्हणून मला आईचा राग यायचा. एका दिवाळीला तर मी लीलाबाईला बोलले, आईला म्हणावं, मेलेल्या माणसाला तरी सुखानं ऱ्हाऊ दे. त्याच्या म्होरं लुगडं आलं न्हाय.” त्यांनी बोटावरचा काठ सोडला. “तिचा शबूद ती पाळत हुती. मीच पाळू दिला न्हाय.”

अब्बांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग एकदम मला विचारलं, “सकाळी शिवम काय सांगत हुता? मी रस्त्यावर हुते. आई काय मागती?”

“काय मागते ते कळत नाही म्हणाला. नुसतं विचारते, आणली का.”

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. स्टूल मागं पडलं.

“कॅसेट न्हाय मागत ती,” त्या म्हणाल्या.

डिस्क लिहून होईपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या. मी म्हणाले, मी सोडते तुम्हाला आमच्या ओम्नीनं. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, अब्बांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “रमजानभाई, माझं दादा ऐकायचा न्हाय. जोड तुमचा हाय. तुमी चला.”

अब्बा दोन वर्षांत बारामतीबाहेर गेले नव्हते. त्यांनी टोपी घातली.

निरवांगीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फोन केल्यामुळे शिवम आमच्या आधी येऊन अंगणात उभा होता. स्लॅबचं घर, पुढं शेवग्याचं झाड. द्वारकाबाई शेवग्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. शिवमचे वडील, रावजी आबा, बाहेर आले. वाळलेले, ताठ, पांढरी टोपी तीच. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग पाहिलंच नाही असं केलं.

“रमजानभाई, तुमाला चहा हाय. बाकी कुणाला बोलावल्यालं न्हाय.”

“चहा मागनं,” अब्बा म्हणाले. “आदी माझी चूक बघा.”

आत प्रयागबाई खाटेवर होत्या, भिंतीकडे कललेल्या. दाराशेजारच्या कोपऱ्यात टीव्ही. मी डिस्क घातली. रावजी आबा म्हणाले, हे आम्ही पाहिलेलं आहे. अब्बा म्हणाले, हे नाही पाहिलेलं. तरुण रावजी पडद्यावर येऊन बोलले, आणि कावळा आला नाही, तसे म्हातारे रावजी खाटेच्या कडेला बसले. सवयीनं त्यांनी रिमोट उचलला. अब्बांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“पळवायची न्हाय. मी एकदा पळवली.”

मग आम्ही पुन्हा तेवढा वेळ बसलो. वारा, बाभळ, सावली. रावजी आबांच्या चेहऱ्याकडे मी पाहत होते. दुकानात मला त्यांचा राग आला होता, तो बसल्या बसल्या उतरत गेला. हा माणूस खोटं बोललेला नव्हता. बापानं आपलं ऐकलं, या एका गोष्टीवर तो उभा होता आणि ती आमच्या दुकानात बनली होती.

टीव्हीतून प्रयागबाईंचा आवाज आला. द्वारकीला आणते. मी आणते तिला घरात. खाटेवरच्या प्रयागबाईंनी डोळे उघडले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही. धड असलेला हात उचलला आणि टीव्हीच्या शेजारी, उघड्या दाराकडे केला.

“आणली का?”

शिवम कपाळाला हात लावून भिंतीशी खाली बसला. पडद्यावर गलका उठला, माझं ऐकलं तात्यांनी, आणि रावजी आबांनी मान खाली घातली. “मी तर मनापासनं म्हणलो हुतो,” ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. आता ते आम्हाला जा म्हणतील, असं मला वाटलं. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठले. पायात चप्पल न घालता ते अंगण ओलांडून शेवग्यापर्यंत गेले.

“द्वारके, चल,” ते म्हणाले. “आई इचारतीया.”

द्वारकाबाई हलल्या नाहीत. मग रावजी आबांनी बहिणीचं मनगट धरलं, लहान पोरीचं धरावं तसं. उंबऱ्याशी ती पुन्हा थांबली. त्यांनी ओढलं नाही, तेही तिच्याबरोबर थांबले. तिनं वाकून उंबऱ्याला हात लावला आणि पाय आत टाकला. खाटेजवळ आल्यावर रावजी आबांनी तिचं मनगट प्रयागबाईंच्या हातात दिलं.

“आई, आणली.”

प्रयागबाईंचा हात मनगटावरून वर सरकला. कोपर, खांदा, गाल. कपाळावरच्या कुंकवापाशी बोटं थांबली. द्वारकाबाईंनी खाटेवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. अब्बांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. टीव्हीवर निळा पडदा आला होता, तो बंद करायचं मला सुचलं नाही.

म्हातारीचे ओठ हलत होते. काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. शिवम जवळ येऊन वाकला. आता आणखी काय मागते, असं आम्हा सगळ्यांच्याच मनात आलं असणार.

“जेवली का?” प्रयागबाई म्हणाल्या.

द्वारकाबाईंनी डोकं न उचलताच मान हलवली, नाही म्हणून. रावजी आबा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत आवाज देऊन म्हणाले, ताट वाढा.